नऊ पावलांचा वळसा

प्रिय खारूताई,

पत्र बघून दचकू नकोस, आम्ही दोघं धडधाकट आहोत. रोज फोनवर बोलतो तर मग पत्र कशाला, असं तुला वाटेल. पण बत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून दुसऱ्यांचे फोन जोडून दिल्यामुळे माझी एक सवय झाली आहे. फोन हातात आला की मी तीन मिनिटांत आटपते. शिवाय आपण बोलतो तेव्हा तुझे बाबा शेजारच्या खुर्चीत पेपर धरून बसलेले असतात. तू काय म्हणालीस असं ते विचारत नाहीत. तिकडे थंडी आहे का, एवढंच विचारतात. आणि तू विचारतेस, त्यांचं बरं आहे ना. चार वर्षं झाली, तुम्ही दोघं एकमेकांशी एक शब्द बोलला नाहीत आणि मधली ऑपरेटर मी. रिटायर झाले तरी बाईची ड्यूटी काही सुटत नाही.

आधी बातमी सांगते, म्हणजे हसून घे. मी गाडी चालवायला शिकले. चौसष्टाव्या वर्षी. आणि शिकले ती आपल्या निळीवरच, ड्रायव्हिंग स्कूलच्या छोट्या गाडीवर नाही. शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्या दिवशी निळीभोवती एक चक्कर मारली, मग माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, तुमच्या दोघींत वयाने मोठी कोण? मी म्हटलं, मी, पण कुरकुर तिची जास्त. बाई फार चांगल्या निघाल्या. परीक्षेत एकदा नापास झाले, कारण मागे घेताना मी मान वळवण्याऐवजी डोळे मिटले. दुसऱ्या खेपेला पास. आता मी भाजी आणते, बँकेत जाते, पुलावरच्या चढावर थांबून पुन्हा निघते.

ही गाडी आली तेव्हा तू सात वर्षांची होतीस. पहिल्या दिवशी तू मागच्या सीटच्या फटीत शेंगदाणे लपवून ठेवलेस, परत जाताना लागतील म्हणून. तुझं नाव खारूताई पडलं ते तिथेच. सव्वीस वर्षं झाली त्याला. एवढ्या काळात शेजाऱ्यांच्या चार गाड्या झाल्या, वरच्या मजल्यावरच्या वहिनींच्या पाच. तुझे बाबा मात्र हिचे तेल-पाणी करत राहिले. जन्मभर जमिनी मोजण्याचं काम केलेला माणूस, त्याला खुणेचा दगड हलवलेला आवडत नाही. निळी हा त्यांचा खुणेचा दगड असावा, असं मी समजत आले.

आणि तिचं ते डावीकडचं पुढचं दार. आतून न उघडणारं. तू दहा वर्षांची असताना त्याचं आतलं हँडल तुटलं. तेव्हापासून गाडी थांबली की बाबा उतरणार, बॉनेटला वळसा घालून येणार आणि बाहेरून दार उघडणार. नऊ पावलं. मोजून नऊ, कमी नाही की जास्त नाही. लग्नकार्याला गेलो की बायका माझ्याकडे बघून आपापल्या नवऱ्यांना कोपर मारायच्या, बघा, शिका काहीतरी. मी राणीसारखी उतरायचे आणि हँडलबद्दल चकार शब्द काढायचे नाही. आपल्या घरात 'वळसा घालणे' याला वेगळाच अर्थ आला तो यामुळे. तू रुसून बसलीस की मी बाबांना म्हणायचे, अहो, जरा वळसा घाला की. तूसुद्धा एकदा शाळेतल्या मैत्रिणीशी भांडल्यावर म्हणालीस, वळसा मी का घालू, ती घालेल. तुझ्या वर्गाच्या बाईंनी मला बोलावून विचारलं होतं, ही मुलगी वळसा वळसा काय म्हणते.

आता एक कबुली देते. ते हँडल आपोआप तुटलं असं आम्ही तुला सांगितलं होतं. ते मी तोडलं. मला बढती मिळत होती, दुसऱ्या गावच्या एक्स्चेंजमध्ये, मुख्य ऑपरेटर म्हणून. आणि तुझ्या बाबांनी मला न विचारता आत्याला सांगून टाकलं होतं की ती काही जायची नाही. मला ते आत्याकडून कळलं, तिच्या घरून परत येताना. रस्त्याच्या कडेला त्यांनी गाडी थांबवली तेव्हा मी तरातरा उतरून चालत घरी निघणार होते. एवढ्या जोरात ओढलं की हँडल हातात आलं आणि दार जागच्या जागी. मी त्या तुटक्या हँडलकडे बघत बसले. ते उतरले, वळसा घालून आले, दार उघडलं, माझ्या हातातलं हँडल बघितलं आणि चेहरा अगदी गंभीर ठेवून म्हणाले, चुकलो, आता मला मारणार का याने? मला हसू फुटलं. राग पुरता गेला नव्हता, पण हसू आलं ते आलं. मी बढतीवर गेले नाही, तो निर्णय पुढे माझा मीच घेतला. पण त्या दिवसापासून त्यांनी माझ्या वतीने कोणाला काही सांगितलं नाही. या गाडीतून रागाने उतरताच येत नाही, हे मला तेव्हाच कळलं. दुसऱ्याने येऊन दार उघडेपर्यंत बसावं लागतं, आणि तेवढ्या वेळात रागाची धार जाते.

काच खाली करून, हात बाहेर काढून दार उघडता येतं हे आपल्या तिघांनाही माहीत होतं. एकोणीस वर्षांत कोणीही तसं केलं नाही. मग त्या दुपारी तू केलंस.

मी मागच्या सीटवर होते, मला सगळं दिसत होतं. स्टेशनवर तुला सोडायला निघालो होतो. तू म्हणालीस, बाबा, ही गाडी आता काढा, मी नवीन घेऊन देते, तुम्हाला डावीकडचं दिसत नाही, फाटकाच्या खांबाला दोनदा घासलीत. आणि ते म्हणाले, जुनं झालं की सोडून द्यायचं, ते तुला जमतं, मला नाही. तू तुझं लग्न सोडून येऊन तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती. स्टेशनसमोर त्यांनी गाडी थांबवली, उतरले आणि नेहमीसारखे निघाले. त्यांना सवयच ती, भांडण असो की नसो. ते गाडीच्या पुढच्या दिव्यापाशी पोचले होते, पाचव्या पावलावर, तेव्हा तू काच खाली केलीस, दार उघडलंस आणि बॅग उचलून गर्दीत शिरलीस. मागून हॉर्न वाजत होते. हे बॉनेटवर हात ठेवून उभेच. पुढची चार पावलं टाकायची की परत फिरायचं, हे त्यांना कळेना. मी तुझ्यावर रागावले नाही गं, तेव्हाही नाही. तुझ्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. मी हँडल तोडलंच होतं की.

त्यानंतर मी त्यांना किती वेळा विचारलं, तुम्ही गाडीबद्दल बोललात ना? दर वेळी एकच उत्तर, मग आणखी कशाबद्दल. मीही तुला फोनवर तेच सांगत राहिले, अगं ते गाडीबद्दल बोलत होते. तुला पटलं नाही. मलाही पटलेलं नव्हतं.

गेल्या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. तुला सांगितलं नाही, त्यांनी शपथ घातली होती, ती मी आज मोडते आहे. काचबिंदू आहे. कडेकडेचं दिसणं आधी जातं आणि माणसाला पत्ताही लागत नाही. समोरचं तेवढं दिसतं, नळीतून बघावं तसं. गेलं ते परत येणार नाही, राहिलं ते थेंबांनी जपायचं. डॉक्टर म्हणाले, गाडी बंद. म्हणजे तू खांबाबद्दल म्हणाली होतीस ते अक्षर न् अक्षर खरं होतं. आम्ही रिक्षाने घरी आलो. जिना चढताना ते मध्येच थांबले आणि म्हणाले, मी गाडीबद्दल बोललो नव्हतो. तिच्याबद्दलच बोललो. ती पाच वर्षं त्या घरात आत बसून होती आणि मी वळसा घातला नाही. तिची तिने काच खाली केली तर मलाच राग आला.

मी पायरीवरच बसले. चाळीस वर्षांत हा माणूस एका दमात एवढं कधी बोललेला नाही. मी त्यांना म्हटलं, हे मला काय सांगता, तिला सांगा. दुसऱ्या दिवसापासून तीनदा कागद घेऊन बसले. ओळी वर चढतात, एकमेकींवर पडतात. फाडून टाकलं. फोन लावून देते म्हटलं तर म्हणतात, फोनवर नको, तिला हो किंवा नाही म्हणायला मिनिटसुद्धा मिळायचं नाही.

मी गाडी शिकायला घेतली ती त्यानंतर. आता ते डावीकडे बसतात, आणि वळसा मी घालते. पहिल्याच दिवशी मला ऐकवलं, अकरा पावलं लागली, एवढी रमतगमत येऊ नकोस. त्यांना दिसत नाही पण ऐकू सगळं येतं. क्लच अर्धा दाबलास, गिअर रडतोय, उजवं चाक खड्ड्यातून गेलं. मी एकदा म्हटलं, तुम्ही उतरा आणि चालत या. तर म्हणाले, उतरू कसा, दार कोण उघडणार?

मागच्या आठवड्यात निळीचे मिस्त्री घरी आले होते. गॅरेज बंद करून ते मुलीकडे राहायला निघालेत. चहा झाल्यावर त्यांनी पिशवीतून पेपरात गुंडाळलेली एक वस्तू काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, वहिनी, ही तुमची ठेव. उघडलं तर डाव्या दाराचं आतलं हँडल, कोरं. मी म्हटलं, एवढ्या वर्षांनी आलं का शेवटी? मिस्त्री माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, हे तर पंधरा दिवसांत आलं होतं. साहेबच म्हणाले, राहू दे तुमच्याकडे, सामान येत नाही म्हणून सांगा. मी ह्यांच्याकडे पाहिलं तर हे खिडकीबाहेर बघत होते, जणू काही दिसतच होतं. मला रागही आला आणि रडूही. तेवीस वर्षं मी म्हणत होते, एवढा काटेकोर माणूस, एक हँडल कसं बसवून घेत नाही. हँडल आता माझ्यासमोर टेबलावर आहे, हे पत्र उडू नये म्हणून त्याच्यावर ठेवलंय. आता तरी बसवू या का, असं मी विचारलं. तर म्हणाले, बसव, पण खारू एकदा येऊन जाऊ दे.

आणि काल जे पाहिलं त्यामुळे हे पत्र लिहिते आहे. दुपारी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होते. अंगणात निळी उभी. हे मागचं उजवं दार उघडून उतरले, गाडीच्या अंगावर हात ठेवला आणि निघाले, ओठांत मोजत. बॉनेटला वळसा घातला, डावीकडे आले, चाचपून दार उघडलं आणि रिकाम्या सीटसमोर थोडा वेळ उभे राहिले. मग दार लावलं, परत गेले आणि पुन्हा पहिल्यापासून. चार वेळा. तू आलीस की मी चालवणार, तू पुढे बसणार आणि ते मागे. म्हणजे त्यांना नऊ पावलं पुरायची नाहीत, तीन जास्त. तेही त्यांनी मोजून ठेवलंय. तू ये, खारू. मी स्टेशनवर येईन, निळी घेऊन. घरी आल्यावर मी गाडी बंद करीन आणि जागची हलणार नाही. ते उतरतील. पुढच्या दिव्यापाशी जरा थांबतील, तिथे पोचा आहे, तो हाताला लागला की पुढचं त्यांना पाठ आहे. वेळ लागेल. तेवढा वेळ काच खाली करू नकोस, बसून राहा.

तुझीच,
ड्रायव्हर आई

ता. क. काय लिहितेस म्हणून आत्ताच विचारून गेले. तुला, म्हटलं. दारातून परत वळले आणि म्हणाले, त्या दाराच्या बिजागरीला तेल घातलंय म्हणून लिही.