स्वयंपाकघरातला रिसीव्हर

८ मे १९९४, रविवार. जळगाव, सकाळी ७
आजपासून शिस्त. २८ तारखेला धुळ्याच्या शिबिरात चाळीस विज्ञान शिक्षकांसमोर माझं व्याख्यान: 'प्रकाशातून संभाषण'. आवाज साध्या एलईडीतून नाही, लेसर डायोडमधून पाठवून दाखवणार. खानदेशात हे आजवर कोणी केलेलं नाही. निदान मला तरी कोणी भेटलेलं नाही.
पुष्पाचा पाचोऱ्याहून फोन. आईची कॅसेट मागते. ही जाऊन दोन वर्षं झाली, तेव्हापासून लेक मागतेच आहे. हिचा आवाज असलेली ही एकच कॅसेट. २९ ला घ्यायला येते म्हणाली. तोवर कॅसेटमागची प्लास्टिकची चीप मोडून ठेवा बाबा, म्हणजे चुकून वर दुसरं काही टेप होणार नाही, आणि आई कोणत्या बाजूला आहे ते लिहून ठेवा. चौतीस वर्षं फिजिक्स शिकवलेल्या माणसाला हे सांगते! उद्या करतो.

१० मे
चीप राहिली. एलईडीचं सर्किट मात्र तयार. टेपच्या इअरफोनच्या तारेतून आवाज एलईडीला, आवाजाबरोबर उजेड कमीजास्त, तो उजेड फायबरमधून पलीकडे, तिथे उजेडाचा पुन्हा करंट करणारा फोटोडायोड आणि स्पीकर. फायबर दहा मीटर. टेबलापासून मोजलं तर बरोबर स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत जातं, म्हणून रिसीव्हर ओट्यावर. दुसरं कारण नाही.
टेस्टला हिचीच कॅसेट लावली. गाण्यापेक्षा बोलण्यात दोष लवकर कळतो. तांत्रिक निवड.
८८ साली टेप नवा घेतला तेव्हा हिला म्हटलं होतं, बोल काहीतरी, पण शुद्ध बोल. ही शिंदखेड्याची. अठ्ठावीस मिनिटं पुष्पासाठी भरीत सांगत बसली, तेही अहिराणीत. मी मधेमधे सूचना देत होतो, त्याही टेप झाल्या आहेत.
बटण दाबलं. ओट्यावरून आवाज आला, "वांगं पऱ्हाटीवर भाजानं. गॅसवर नही." पऱ्हाटी म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्या.
अंगावर काटा आला. सर्किट पहिल्या फटक्यात चाललं म्हणून.

११ मे
एलईडी आणि फायबरच्या मधे हात धरला की ही गप्प. काढला की बोलते. छत्तीस वर्षांच्या संसारात हे एकदाही जमलं नव्हतं. दहा-बारा वेळा केलं. मग हात धरवेना.

१३ मे
शेजारच्या भागाबाई दारात. आत आल्या नाहीत. म्हणाल्या, "भाऊ, तुमना घरमा वहिनी बोली राहिनी. मी मना कानघाई ऐकं." त्यांना एलईडी समजावला: करंट गेला की त्या एवढ्याशा खड्यातून उजेड बाहेर पडतो, पण बाजार सुटल्यावर माणसं पांगतात तसा चहूकडे, त्यातला थोडाच फायबरात शिरतो. त्यांनी सगळं नीट ऐकलं. मग विचारलं, "मंग ती उजेडमा शे का?"
अंधश्रद्धा. संध्याकाळी दाराला लिंबू-मिरची टांगलेली सापडली. काढायला स्टूल लागेल. उद्या काढतो.

१७ मे
टेप बंद असतानाही स्पीकर गुणगुणतो. ही भाकरी थापताना गुणगुणायची. मी घाबरलो नाही, विचार केला. ट्यूबलाइट सेकंदाला शंभरदा लुकलुकते, फोटोडायोड ते पकडतो. सिद्ध झालं.
दुपारी लाइट गेली. ट्यूब बंद, टेप बंद, रिसीव्हर तेवढा बॅटरीवर. तरीही बारीक चरचर, वांगं भाजत असल्यासारखी. याला डार्क करंट म्हणतात. अंधारातही डायोडमधून थोडा प्रवाह वाहतोच. पुस्तकात आहे. पान काढून चारदा वाचलं.
चहा दोन कप झाला. सवयीने. दुसरा ओट्यावरच ठेवला.

२० मे
लेसर आला! माझा जुना विद्यार्थी वना पुण्याला कंपनीत आहे, त्याने पाठवला. ज्वारीच्या दाण्याएवढा खडा, आत दोन टोकांना आरसे. उजेड त्यांच्यामधे येरझाऱ्या घालतो, प्रत्येक फेरीत आणखी उजेड आपल्या पावलात पाऊल टाकायला लावतो, आणि मग सगळा एकाच दिशेने निघतो. पण करंट ठरावीक थ्रेशोल्डच्या वर हवा. त्याखाली लेसर नुसता एलईडीसारखा मिणमिणतो.
सोबत वनाची चिठ्ठी: सर, थ्रेशोल्ड चाळीस मिलिअँपिअर, पन्नासच्या वर अजिबात जाऊ नका. उन्हाने थ्रेशोल्ड वाढतो, तेव्हा करंट वाढवण्याऐवजी गार वेळी करा. जळगावचा मे आहे, सर.
मला जळगावचा मे शिकवतो! गुणी मुलगा. पण मुलगाच.

२३ मे, दुपारी २
शेहेचाळीस डिग्री. पन्नासला लेसर नुसता मिणमिणतोय. साठ. सत्तर. ऐंशी.
लागला! लाल, धारदार. आणि ओट्यावरून ही इतकी स्वच्छ, इतकी जवळ, की बोलण्याआधी घेतलेला श्वासही ऐकू आला. मी टेबलावरून उठून स्वयंपाकघराकडे निघालोसुद्धा होतो.
पोचेपर्यंत आवाज बसला. परत आलो तर उजेड मंद. लेसर आता स्थिरावला आहे असं दिसतं. पुन्हा एकदा तो श्वास हवा. नव्वद दिला. काही नाही. शंभर दिला. काही नाही.
रिसीव्हरमधे दोष असावा.

२६ मे
पुष्पाचा फोन: चीप मोडली का? मोडतोय म्हटलं.
आज व्याख्यान टेप केलं, म्हणजे धुळ्याला माझाच आवाज लेसरमधून जाईल. नवी कॅसेट आणायला उन्हात कोण जाणार? हिच्या कॅसेटची मागची बाजू कोरीच आहे. बाजू लिहिलेली नाही, पण मी नुसत्या हाताने ओळखतो. सत्तावीस मिनिटं एका दमात बोललो. बोलताना सारखं वाटत होतं की स्वयंपाकघरात कोणीतरी ऐकतंय. म्हणून आवाज चढवला.

२८ मे. धुळ्याहून परतताना, एस.टी.त
कार्यक्रम एकंदरीत यशस्वी. लेसरमधून माझा आवाज ऐकू आला. तिथल्या प्रयोगशाळेचा म्हातारा शिपाई चिंधा वाकून बघत होता. चाळीस जणांसमोर म्हणाला, "सर, हाऊ लेसर जयेल शे. आते नुसता एलईडीसारखा उजेड देस." जळालेला लेसरही मिणमिणतो म्हणे. शिपायाने लेसर कुठे पाहिला? नंतर कळलं, टेलिफोन खात्यात बारा वर्षं होता.
शेवटी सगळ्यांना हिचं भरीत ऐकवायचं ठरवलं होतं. बाजू उलटली. कोरी निघाली. पाच मिनिटं सू सू.
तिथला टेप खराब असणार. दुसरं काही असू शकत नाही. पारोळ्यापर्यंत कॅसेट पाहिली नाही. मग पाहिली. चीप शाबूत आहे.

२९ मे
पुष्पा आली. दारावरची लिंबू-मिरची पाहिली, ओट्यावरचा कप पाहिला. एलईडी आणि ओट्यावरचा रिसीव्हर मी रात्रीच परत जोडून ठेवले होते. तिने टेप लावला.
"एलईडीचा उजेड चहूकडे पांगतो. लेसरचा मात्र..." मी. ती ऐकत राहिली. मी म्हटलं, पुढे असेल. पुढे मीच होतो. बंद कर म्हटलं. तिने केला नाही. सत्तावीस मिनिटं मी स्वतःला ऐकलं. इतकं मी बोलतो?
मग खट्. मग जरा खरखर. मग ओट्यावरून ही, वैतागून:
"व्हयनं का तुमनं?"
झालं का तुमचं. आणि टेप संपला.
पुष्पाने तेवढंच मागे घेऊन तीनदा ऐकलं. मग कॅसेट काढली, बोटाने चीप मोडली आणि कॅसेट पदराच्या टोकात बांधली. पाचोऱ्याची गाडी गाठायला निघाली. मला बोलली असती तर बरं झालं असतं.
ती गेल्यावर रिसीव्हरचं बटण बंद करायला स्वयंपाकघरात गेलो. चरचर चालूच होती. आत कोणी नव्हतं.
म्हटलं, व्हयनं.