धाग्याचा घट्टा

११ नोव्हें.
लग्नसराई. सकाळपासून पार्लरात बायकांची रांग. उजव्या तर्जनीवरचा घट्टा पुन्हा ठणकतोय. इतकी वर्षं थ्रेडिंग करतेय, बोटाला धाग्याचा घट्टा पडायचाच. पेडिक्युअरच्या फाइलने घासला. जरा रक्त आलं. बाहेर गिऱ्हाईक खोळंबलेलं, तशीच कामाला लागले.

१६ नोव्हें.
प्राजू आलेली शहाडहून, ताईची मुलगी. वरच्या ओठावर बारीक फोड, एका रेघेत. माझा धागा फिरतो नेमका तिथेच.
"मावशी, हे पिंपल्स जातच नाहीत गं. साखरपुड्याआधी घालव ना."
मोबाइलचा टॉर्च धरून पाहिलं. पिंपल्स नाहीत. ती गेल्यावर त्याच उजेडात स्वतःचं बोट धरलं. घट्ट्यात काळे ठिपके. असे ठिपके घट्ट्याला नसतात, चामखिळीला असतात.

१७
शेजारच्या काकूंना सहज विचारल्यासारखं केलं, एका गिऱ्हाइकाला चामखीळ झालीय म्हणून. म्हणाल्या, घोड्याच्या शेपटीचा केस बांधायला सांग. बोट ओढणीत लपवून उभी होते.

२० नोव्हें.
ठाणे. टेंभी नाक्याजवळ स्किनच्या डॉक्टरीणबाई. इथे कल्याणात कुणी पाहिलं असतं तर बोभाटा.
"घट्टा नाही हो, चामखीळच आहे. व्हायरसमुळे होते. घासून घासून तुम्हीच पसरवलीत."
गार फवारा मारला, डोळ्यांत पाणी आलं. एकदा मारून भागेलच असं नाही म्हणे. पट्टी लावून झाकायचं, फाइल फेकायची, चामखिळीवरून धागा, वस्तरा काही फिरवायचं नाही. धोक्याची नसते, कधी आपोआपही जाते म्हणाल्या. तेवढंच बरं वाटलं.
मग विचारलं, माझ्यामुळे दुसऱ्या कुणाला...
"नक्की नाही सांगता येत. दिसायलाच काही महिने जातात."
महिने. तोवर किती चेहरे हाताखालून गेले असतील.

२१
फाइल फेकली. झोप नाही. ती फाइल कुणाकुणाच्या टाचांवरून फिरली तेच आठवत राहिले. बायकांना कळलं तर पार्लर बंद. आणि ताई? ताईला काय तोंड दाखवू? खूप भीती वाटतेय.

२४ नोव्हें.
प्राजू आली. परवा साखरपुडा. म्हटलं, ओठावर आज धागा नको, ठाण्याला एक डॉक्टर आहेत, मी नेते तुला.
"पिंपल्ससाठी डॉक्टर? काहीतरीच तुझं. कर गं पटकन. दुसऱ्या पार्लरात घाण असते, म्हणून तर तुझ्याकडे येते मी."
खुर्चीत रेलली, डोळे मिटले, जिभेने ओठ ताणून धरला.
म्हटलं, "प्राजू, डोळे उघड आधी."
तिने उघडले. माझ्या बोटावरच्या पट्टीकडे बघत राहिली. मी पट्टी सोडली आणि सांगितलं, "ही चामखीळ आहे. तुझ्या ओठावरही तीच, बहुतेक माझ्याच हातून लागली."