झाकणावरचे थेंब

कुवाबारा, शिनानो
मेइजी ३७, डिसेंबर ११

जुन्साकु भावजींस,

तुमचे पत्र मिळाले. इथे दोनदा बर्फ पडून गेले. मुळ्याचे लोणचे घालून झाले. उमेला खोकला होता, आता खेळते. तुमच्या तारघरात शेगडी असते का? बोटे गारठली तर तारा कशा ठोकता?

नववर्षाला तुम्ही येताय, असे सासूबाई म्हणाल्या. तुम्ही मला लिहिलेल्या पत्रात त्याचा उल्लेख नव्हता. तीन वर्षांत तुम्ही आला नाहीत.

हे रशियाशी लढायला मांचुरियाला गेल्यापासून सासूबाई रोज सकाळी ह्यांच्या जागेवर ताट मांडतात. तुम्ही शिकायला गेलात तेव्हा तुमच्यासाठी मांडत, तसेच. गरम भात, मिसोचे सार, वर झाकण. झाकणाला आतून थेंब दिसले की माणूस सुखरूप. ह्यांचे शेवटचे पत्र सप्टेंबरात आले.

गेल्या महिन्यात गावच्या कचेरीतला कारकून आला होता. सासूबाईंनी मला पाण्याला पिटाळले. परतले तेव्हा तो गेला होता, आणि सासूबाईंचे डोळे लाल होते.

"कशाला आला होता?"

"सैन्याला घोडा हवाय."

"म्हणून रडलात?"

"घोडा माझा आहे. रडेन नाहीतर नाचेन. तुझ्या बापाने दिलाय का?"

घोडा अजून तबेल्यातच आहे.

परवा सासूबाई मागच्या दारी गेल्या, तेवढ्यात मी ताटातला भात बदलला. आदल्या दिवशीचा ठेवला, दगडासारखा गार. सारही गार. झाकण कोरडे पुसले. ह्यांच्या जिवाशी असला खेळ मी केला. त्या आल्या, झाकण उचलून स्वतःकडे धरले.

"बाई, केवढे थेंब! ठणठणीत आहे माझा योहेई."

मग उमेला म्हणाल्या, "बाबाला भूक लागलीय बघ."

तो भात नंतर मीच खाल्ला.

ह्यांचा लग्नातला काळा झगा त्यांनी उसवून पुन्हा शिवायला घेतलाय. उंदरांनी कुरतडला म्हणतात. मी पाहिला. कुठे भोक नाही. बाह्या दोन बोटे आखूड केल्यात. हे तुमच्याहून उंच.

वरच्या आळीत असेच झाले. थोरला गेला, वहिनी धाकट्याला दिली. घर राहिले, मूल राहिले, असे सगळे म्हणतात. तिला कुणी विचारले का, ते कुणी सांगत नाही.

भावजी, मी तुम्हाला वाईट समजत नाही. पण तिकडे वर्तमानपत्रात लढाईत पडलेल्यांच्या याद्या छापतात आणि तुम्ही वर्तमानपत्र वाचता. मला एवढेच सांगा, हे आहेत का? नसतील तर नववर्षाआधी सांगा. मला रडायचे आहे, आणि ते नव्या नवरीच्या कपड्यांत नाही.

उत्तर इथे पाठवू नका. उद्या दुपारी मी माहेरी जाते. "दोन दिवस जा, पण पोरीला ठेव, थंडी आहे," असे सासूबाई म्हणाल्या. मी उमेला पाठीशी बांधून नेणार आहे. तुमचे उत्तर येईपर्यंत परतणार नाही. सासूबाईंना हे अजून ठाऊक नाही. तुम्हाला आता आहे.

योहेईंची,
इसोए