ग्रंथी दमली म्हणे

२६ जून २००७
सकाळची कवायत. शिट्टी फुंकली अन् डोळ्यापुढं अंधारी. भिंतीला टेकलो. पोरांना वाटलं, सर नजर ठेवून आहेत. नऊ तास झोपूनही अंग गोणपाटासारखं. वय ४१.
हेडसर हसत म्हणाले, "राठोड सर, पी.टी.च्या मास्तरनंच खुर्ची शोधली तर कसं?" हसण्यावारी, पण लागलं.

४ जुलै
साखर, रक्त, थायरॉइड, सगळं ठीक. पुसेगावच्या डॉक्टरनं पुन्हा टॉनिक. "वीकनेस." हा तिसरा डॉक्टर.
मोठा भाऊ घरी येऊन बोलला, "काम नको म्हणून नाटक करून राहिला." माझ्या बायकोनं, कमलनं, त्याला चहा दिला अन् आत निघून गेली.

१५ जुलै
चुलतभाऊ विनोद पुण्याहून आला. इंटरनेटवरून छापलेली चार इंग्रजी पानं घेऊन. वाचून सांगितलं: किडनीच्या डोक्यावर दोन बारक्या ग्रंथी असतात, फार ताण झाला की दमतात. नाव ॲड्रीनल फटीग. सकाळी उठवत नाही, दुपारी झापड, खारट खावंसं वाटतं... एकूण एक माझंच.
विनोदसमोर डोळे भरून आले. नाव आहे म्हणजे मी आळशी नाही.

२८ जुलै
नांदेड. विनोदनं शोधलेला डॉक्टर. "बराबर ओळखलंत," म्हणाला. दोन महिन्यांच्या पुड्या. नाव कागदावर लिहून घेतलं. हेडसरांना दाखवायला.

१२ ऑगस्ट
पुड्यांनी दहा-बारा दिवस बरं वाटलं. का मीच वाटून घेतलं...
आज मोटारसायकलवर कनेरगाव नाक्याच्या अलीकडं डोळा लागला. मागं कमल. तिनं पाठीत बुक्की घातली म्हणून वाचलो, समोर ट्रक. गाडी बाजूला घेतली. ती उतरून माझ्यासमोर उभी राहिली.
"आता हिंगोलीच्या डॉक्टरबाईकडं जायचं. मी संग येनार."

१८ ऑगस्ट
हिंगोली. बाईंनी चारही पानं वाचली. म्हणाल्या, "या नावाचा आजार आम्ही मानत नाही. ग्रंथी खरोखर बंद पडू शकते, पण तो वेगळा आजार, जिवावरचा. तोही तपासू. सकाळी आठला रक्त द्या."
"म्हंजे मी खोटं बोलून राहिलो?" आवाज चढला माझा.
"थकवा खरा आहे, सर. पण ताप असतो ना, तसं ते लक्षण आहे. कशाचं, ते अजून कुणी शोधलं नाही."
पुड्यांत काय आहे ते पाकिटावर लिहिलेलंच नाही. बाईंनी त्या ठेवून घेतल्या.

२५ ऑगस्ट
रिपोर्ट आला. ग्रंथी ठीक. लोक पेढे वाटतील. मला घरातलं कुणी गेल्यासारखं झालं. ते नाव गेलं.
बाईंनी मग मला सोडून कमलला विचारलं, "हे घोरतात का?"
कमल आधी माझ्याकडं बघत राहिली. "घोरनं तर हायच. पन मधीच श्वास थांबतो. काईच आवाज येत न्हाई. मी हलवते, मंग घेतात."
"कधीपासून?"
"तीन वर्सं झाली असतील."
"रोज? यांना सांगितलं नाही?"
"दिवसभर दमलेले असतात. झोपेचीच धास्ती घेतली असती त्यांनी."
बाईंनी पेन खाली ठेवलं. मग सांगितलं, वजन वाढलं, मान जाड झाली, झोपेत घसा मिटत असेल. श्वासासाठी मेंदू सारखा जागा होतो, झोप झालीशी वाटते पण होत नाही. "असेल म्हणते. तपासल्याशिवाय सांगणार नाही." तपासणी औरंगाबादला. तोवर गाडी बंद.
बसनं घरी आलो.

२६ ऑगस्ट
शेवटी विचारलं, "काहून सांगितलं न्हाई मला?"
ती भाजी निवडत होती. "सांगून तुमी काय केलं असतं?"
मी शेजारी बसलो. "अन् तू कवा झोपतीस?"
"दुपारी. तुमी शाळेत गेले की."
खोटं. दुपारी ती शेतात असते.

९ सप्टेंबर
औरंगाबादची तारीख मिळाली, पुढच्या महिन्यातली. विनोद फोनवर म्हणतो, पुण्यात एक डॉक्टर अजून ग्रंथीच धरून आहे. भाऊ म्हणतो, घोरणं हा काय आजार झाला? मला काही कळत नाही. सकाळी पुन्हा तेच गोणपाट.
रविवार. जेवणं झाल्यावर कमलला म्हटलं, मी जागा बसतो, तू पड. नको नको म्हणत दुपारी एक वाजता आडवी झाली. कपाळावर हात, तोंड उघडं. तिला अशी झोपलेली कधी बघितल्याचं आठवत नाही.
चार वाजले. चूल मीच पेटवली. आई दोनदा येऊन विचारून गेली, "बरं न्हाई का तिला?"
म्हटलं, झोपू दे.
पाच. अजून उठली नाही. कोणी हाक मारू नये म्हणून दारात बसलोय.