भुभूच्या दाराआड

सोमवार, ता. १२

प्रिय धाकटे,
अनेक आशीर्वाद.

आम्ही खुशाल आहोत. तुझं प्रशिक्षण कसं चाललंय? जेवणाची आबाळ करू नकोस. तुझी लेक पोटभर जेवते, माझ्या चपला लपवते आणि या मावशीला घरभर नाचवते.

तू जाताना दिलेलं ते पुठ्ठ्याच्या दारांचं पुस्तक रोज वाचतो. बटण दाबलं की भुंकणं, मग दार उघडलं की भुभू. तुझ्यासारखंच तिला मांडीवर घेऊन वाचते. पुस्तक तिच्यापुढे, माझी हनुवटी तिच्या डोक्यावर. बटण दाबायचं, दार उघडायचं, टाळ्या पिटायच्या, सगळा क्रम तिला पाठ आहे.

शनिवारी पुस्तकातले सेल संपले. बटण दाबलं, आवाज नाही. मी म्हटलं, आता भोकाड पसरणार. तर बाईसाहेबांनी दार उघडलं, भुभू बघितला, टाळ्या पिटल्या. पुढचं बटण, पुढचं दार, तेच. एकदाही वळून माझ्याकडे बघितलं नाही. पुस्तक मुकं झालंय हे तिला कळलंच नाही गं.

मांडीवर तशीच ठेवून मागून विचारलं, "माऊ कुठंय?" तिने भलतंच पान उलटलं. मग तिला खाली ठेवलं, समोर बसले आणि तेच विचारलं. ती माझ्या तोंडाकडे टक लावून बघत राहिली आणि थेट माऊच्या दारावर बोट ठेवलं. काल ती खेळत असताना तिच्या पाठीमागे मुद्दाम स्टीलचं ताट आपटलं. शेजारीण धावत आली. तुझी लेक ठोकळे रचत होती.

मागे फोनवर मी नुसतं म्हटलं होतं, "दीड वर्षाची झाली, अजून एक शब्द नाही, एकदा दाखवून घेऊ या." तू म्हणालीस, "आपल्याकडे सगळेच उशिरा बोलतात. तुला मूल नाही ताई, तुला काय कळणार?" आणि फोन ठेवलास. ते मला लागलं. अजून लागतंय. म्हणून फोन न करता लिहितेय, कागद मधेच तोडता येत नाही.

तुझं काही चुकलं असं म्हणत नाही. आपण सगळ्यांनीच तिला लाडाने मांडीवर घेतलं. तिथून तिला आपलं तोंड दिसतच नव्हतं.

पुढच्या आठवड्यात गुरुवारी सकाळी कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. तुला न विचारता. तुझ्या नवऱ्याला सांगितलं, तो म्हणाला, "तिला विचारा." तो जन्मभर हेच म्हणणार. मला भीती वाटते. तपासणीची वाटते, तुझीही वाटते. तू येऊन तिला घेऊन गेलीस तर हे घर मला खायला उठेल. तरी वेळ रद्द करणार नाही. तिचे दिवस वाया चाललेत.

आज सेल न घालताच वाचलं. समोरासमोर बसून मीच भुंकले, म्याव केलं, शेजारणीला वेड लागायची वेळ आली. शेवटचं दार उघडून झालं, पुस्तक मिटलं आणि मी गप्प झाले. तर ती जवळ आली आणि दोन्ही हातांच्या बोटांनी माझे ओठ उघडू लागली.

पुढच्या बुधवारपर्यंत पोहोच. नाहीतर गुरुवारी ती माझ्या मांडीवर बसेल, तोंड माझ्याकडे करून.

तू अबोला धरलास तरी तुझीच,
ताई