निळ्या पातेल्यातलं अस्वल

बाबा,

निळ्या पातेल्यात सूप करू नका. काल मी त्यात आमच्या नाटकातल्या अस्वलाच्या बाहुलीची फर उकळली. लोकर रंगवतो तशी रंगवायला गेले, पण नकली फर ती, रंग घेतलाच नाही आणि उकळत्या पाण्यात आकसून तिच्या गुठळ्या झाल्या. मी रडायचीच बाकी होते. मग कुत्र्याच्या ब्रशने विंचरून पाहिली, तर काय सांगू, हिवाळाभर झोपून नुकतंच गुहेतून बाहेर आलेलं अस्वल! मुद्दाम करायला गेले असते तर जन्मात जमलं नसतं.

आत्ता फरवर तपकिरी ॲक्रिलिक रंग पातळ करून चढवलाय आणि बाथरूममध्ये दोरीवर टाकलीय. वाळेपर्यंत दर दहा मिनिटांनी विंचरा, नाहीतर केसांच्या काड्या होतील. मी थिएटरात पडदे लावायला चाललेय, पाचला फर न्यायला येईन. उद्या पहिला प्रयोग. आमचा दिग्दर्शक ओताकर म्हणाला, "तुझे बाबा आता कुठे बाहुल्यांना हात लावतात?"

खायला खसखशीचे कोलाचे, तुमचे आवडते गोड पाव, झाकून ठेवलेत.

आणि तोंडाकडचा भाग मी तसाच सोडलाय. म्हातारं अस्वल नाकाशी आधी कुठे पिकतं, ते तुम्हालाच ठाऊक. करडा रंग वाटीत आहे. दवाखान्यातून आल्यापासून उजवा हात ऐकत नाही, तर डावा घ्या. थरथरला तर थरथरू दे. केस काही सरळ रेषेत पिकत नाहीत.

यित्का