अपेक्षाचं गाव

कर्वेनगर, पुणे
१५ ऑक्टोबर २००६

चि. अपेक्षा,

सप्रेम जयभीम.

मी सुखरूप पोचलो हे तुला फोनवर कळलंच आहे. माझं वजन वाढल्याचं आईने दारातच जाहीर केलं आणि त्याचं श्रेय तुला न देता इंग्लंडच्या लोण्याला दिलं. तुझ्या खोलीत नवा पंखा बसवलाय. काल धम्मदीक्षेला पन्नास वर्षं झाली, म्हणून विहारात मोठा कार्यक्रम होता. आई पांढरी साडी नेसून पहिल्या रांगेत बसली होती.

फोनवर मला हवामानाच्या पुढे जाता येत नाही. नोकरी सगळी टपाल खात्यात गेली; महत्त्वाचं असेल ते पाकिटात घालायची सवय आहे.

तुझ्या तिकडच्या गावाबद्दल मी सोसायटीत इतकं बोललोय, की शेजारचे लिमये मला पाहून जिन्याने जातात. परवा मात्र लिफ्टमध्ये सापडले. म्हणाले, "मुलगी कॉम्प्युटरच्या कामाला गेली ना? मग चर्च कसली दाखवत फिरते?"

मी म्हटलं, "तिच्याइतकं चांगलं दाखवणारं तिथं कुणी नाही, म्हणून."

खरंच आहे ते. गावाच्या जुन्या वास्तू लोकांना दाखवायचा तो शनिवार मी विसरणार नाही. समुद्राकडून वारा असा येत होता की माझी टोपी दोनदा उडाली. तू पुढे, मागे वीस-पंचवीस गोरी माणसं, त्यातली निम्मी त्याच गावात जन्मलेली, आणि सगळ्यात शेवटी मी. कड्यावरच्या दगडी चौकीपाशी तू सांगितलंस, की माशांचा थवा दिसला की इथला पहारेकरी साऱ्या गावाला हाका मारायचा. कोळ्यांनी स्वतः दगड वाहून बांधलेलं छोटं प्रार्थनाघर तू दाखवलंस. तिथं एक उंच म्हातारे गृहस्थ म्हणाले, "पण तुम्ही मूळच्या कुठल्या?"

"पुण्याची," तू म्हणालीस. "आमच्याकडे पत्ता विचारला तर आधी इतिहास सांगतात. पत्ता शेवटी, सांगावासा वाटला तर."

सगळे हसले. तेही हसले, आणि मग दिवसभर तुझ्या शेजारून हलले नाहीत.

पुढे मोठं चर्च आलं. त्याची किल्ली तुझ्या पिशवीत होती हे मला तोवर ठाऊक नव्हतं. तू कुलूप काढलंस, सगळे आत गेले आणि मी उंबऱ्याशी थांबलो. तू पाहिलंस. का थांबलो ते विचारलं नाहीस, म्हणून आज सांगतो.

आमच्या गावी तुझे आजोबा दरवर्षी देवळाच्या भिंतीला चुना लावायचे. बाहेरून. आतून ते देऊळ कसं आहे हे त्यांना कधी कळलं नाही. मी बादली धरून उभा असायचो. पुढे दीक्षा घेतली, त्या देवळाशी आपला संबंध संपला आणि मला आत जायची इच्छाही उरली नाही. पण पायाला हे कळवायचं राहून गेलं होतं.

तू बोलता बोलता थांबलीस आणि सगळ्यांदेखत मराठीत म्हणालीस, "बाबा, आत या ना."

मी आलो. मागच्या बाकावर बसलो. सहाशे वर्षांच्या त्या छपराखाली तुझा आवाज घुमत होता. त्यांच्या पूर्वजांची नावं तू त्यांना सांगत होतीस आणि ती माणसं माना वर करून ऐकत होती. मला देव दिसला नाही. मला तू दिसलीस.

मग आपण सगळे पबमध्ये गेलो. आई अजून त्याला गुत्ताच म्हणते. तिथं बायका-मुलं जेवत होती, कोपऱ्यात एक कुत्रा झोपला होता, असं सांगितलं तर म्हणाली, "हवं तर कुत्र्याचं नावही सांगा, पण दारूचं दुकान ते दारूचं दुकानच."

त्या पबमध्येच तू विचारलंस. तिथली कंपनी कायमची नोकरी देतेय, ऑक्टोबरअखेर कळवायचंय, घेऊ का? मी खिडकीतून होड्या बघत बसलो आणि भरती केव्हा येते ते विचारलं. तू भरतीबद्दल सांगितलंस. किती नीट सांगितलंस.

इथं येऊन सगळ्यांना म्हणत राहिलो, डिसेंबरात तिथलं काम संपवून परत येतेय. काल विहारातून परतताना आई म्हणाली, "तिने तुम्हाला काहीतरी विचारलंय. मी आई आहे, मला आवाजावरून कळतं. अहो, हो म्हणा नाहीतर नाही म्हणा, पण पोरीला टांगून ठेवू नका."

म्हणून हे उत्तर.

मॅट्रिक झाल्यावर मी पुण्याला निघालो, तेव्हा आजोबा एसटीपर्यंत सोडायला आले होते. गाडी सुरू झाल्यावर खिडकीशी येऊन म्हणाले, "परत यायचं म्हनून जाऊ नगंस." तेव्हा मला राग आला होता. वाटलं, बाप मला घालवून देतोय. ते काय देत होते हे त्या मागच्या बाकावर बसल्यावर कळलं.

मला तू इथं हवी आहेस. रोज हवी आहेस. तरी नोकरी घे, बेटा. राहा.

हे पत्र आईने वाचलंय. तिने एकही शब्द खोडलेला नाही.

तुला निरोप देऊन तुझाच राहिलेला,
बाबा